मदत हवी आहे: पावसाळ्यात देवगड-निपाणी राज्यमार्गाने, म्हणजे फोंडा घाटातून जावं का?

नमस्कार मंडळी,

जुलैत जामसंड्याहून निपाणीला जायचंय. छोटी गाडी, मी चालवणार, सोबत आई-बाबा. बाबांचं एकच पालुपद, "सरळ राज्यमार्ग असताना कोल्हापूरचा वळसा कशाला?" नकाशात त्यांचंच बरोबर दिसतं. नांदगावला मुंबई-गोवा हायवे ओलांडायचा, फोंड्याहून घाट चढून दाजीपूर, पुढे राधानगरी, सरवडे, मुदाळ तिट्टा, मुरगूड आणि निपाणीत पुणे-बंगळूर हायवेला लागायचं.

हा रस्ता मी पाहिलाय, पण मे महिन्यात, हापूसच्या पेट्यांनी भरलेल्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून. दाजीपूरच्या अलीकडे ऐन वळणावर गवा उभा. ड्रायव्हरने हॉर्नला हातही लावला नाही, दिवे डिपरवर घेतले आणि इंजिन चालू ठेवून थांबला. गवा सावकाश खाली उतरला, मागून आणखी दोन आले, मगच आम्ही हललो. पावसात, धुक्यात तोच गवा मला दिसेल तरी का?

दुसरे पर्याय म्हणजे तळेरे-वैभववाडीवरून करूळ घाटाने कोल्हापूर, नाहीतर सावंतवाडी-आंबोली-आजरा-संकेश्वर. आंबोलीत पावसाळी शनिवार-रविवारी धबधब्याची गर्दी असते, आणि आईला गाडी लागते, त्यामुळे घाटात अडकून पडणं नको.

विचारायचं हे की फोंडा घाट दिवसा नवख्या माणसाला जमण्यासारखा आहे का? दाजीपूर ते राधानगरी मोबाइलला रेंज मिळते का?

प्रतिसाद:
दादा, घाटाची भीती घालून घेऊ नका, वेळ सांभाळा. सकाळी उजाडल्यावर फोंडा सोडा. पेट्रोल खालीच भरा. रेंजच्या भरवशावर राहू नका, जंगलपट्टा आहे. धुक्यात अप्पर लावलात तर समोर नुसता पांढरा पडदा दिसतो, डिपरच ठेवा. दरडीखाली फोटोला थांबायचं नाही, आईंना मळमळलं तरी मोकळी जागा बघूनच थांबा.

खरी चौकशी घाटमाथ्याच्या पुढची करा. मुरगूडकडे वेदगंगेला पूर असेल तर घाट सुखरूप चढूनही उपयोग नाही. करूळकडूनही तेच, गगनबावडा-कोल्हापूर रस्त्यावर मांडुकलीला पाणी येतं. म्हणून निघायच्या आदल्या रात्री निपाणीतल्या माणसालाच फोन करा.

धागाकर्ता:
आभार! पुराचं डोक्यातच नव्हतं. बहीण निपाणीतच असते, तिलाच कामाला लावतो. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, नाहीतर आजच सामान बांधायला घेतील. आणखी एक, मुदाळ तिट्ट्याला आई-बाबांना टेकता येईल, चहा मिळेल अशी जागा कोणी सांगेल का?