पतसंस्थांवरील नियंत्रण आणि ऑनलाइन जुगार: आमदारांच्या भूमिकेवर ग्रुपवरील चर्चा

सचिव:
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या भागातील आमदारांनी रहिवाशांच्या बैठकीत दोन मते मांडली. पतसंस्थांवर बँकांइतकेच कडक नियंत्रण आणणारा नवा कायदा हवा, हे पहिले मत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवरील केंद्राची बंदी योग्य असून राज्याने ती कठोरपणे राबवावी, हे दुसरे. सोसायटीतर्फे आपण त्यांना लेखी अभिप्राय देणार आहोत. विषयाची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अ-203:
ब-501 मधले काका सहकार खात्यात लेखापरीक्षक होते, त्यांनी आधी लिहावे. काका, आमच्या सासूबाईंच्या ठेवी दोन पतसंस्थांमध्ये आहेत. बँकेच्या ठेवीला असतो तसा पाच लाखांचा विमा त्यांना लागू होतो का?

ब-501:
वहिनी, तो विमा पतसंस्थेतल्या ठेवीला लागू होत नाही. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांपुरते आहे. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात, आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. पतसंस्थेला मात्र रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. तिच्यावरची देखरेख महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार सहकार खात्याच्या निबंधकांकडे असते. संस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणारी असेल, तर ती 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली येते आणि तिचे निबंधक दिल्लीत बसतात. सासूबाईंची पासबुके काढून त्यांपैकी एखादी संस्था मल्टिस्टेट आहे का, हे आजच पाहून ठेवा, कारण उद्या तक्रार करण्याची वेळ आली तर दार कोणाचे ठोठवायचे हे त्यावरच ठरते. बीड आणि जळगावकडच्या ठेवीदारांनी मल्टिस्टेट संस्था कोलमडल्यावर काय सोसले, ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे.

आता आमदारांच्या मताविषयी. त्यांची कळकळ मला मान्य आहे, पण नव्या कायद्याची मागणी मला अपुरी वाटते. चौकशी लावणे, नुकसानीची जबाबदारी संचालकांवर निश्चित करणे, समिती बरखास्त करणे, थकबाकीच्या वसुलीचा दाखला देणे, हे सगळे अधिकार 1960 च्या अधिनियमात आजही आहेत. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी 1999 चा एमपीआयडी कायदा आहे आणि बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा केंद्रीय कायदाही आहे. यातले बहुतेक उपाय पैसा गेल्यानंतर सुरू होतात, ही खरी अडचण आहे. मालमत्ता जप्त होते, लिलाव रखडतो, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाने औषधपाण्यासाठी ठेव ठेवलेली असते त्याच्या हातात त्याच्या हयातीत काही पडेलच असे नाही.

लेखापरीक्षणाचा कालक्रम पाहा, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, त्यानंतर चार महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण करायचे असते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यायची असते. म्हणजे एप्रिलमध्ये एखाद्या संचालकाच्या नातेवाइकाला अपुऱ्या तारणावर मोठे कर्ज दिले गेले, तर ते सभासदांसमोर येईपर्यंत जवळपास दीड वर्ष जाते. शिवाय लेखापरीक्षकाची निवड शासनमान्य लेखापरीक्षकांच्या यादीतून संस्थाच सर्वसाधारण सभेत करते. ज्यांची तपासणी व्हायची तेच तपासनीस निवडतात, आणि बऱ्याच ठेवीदारांना नाममात्र सभासद करून घेतलेले असल्यामुळे त्या सभेत त्यांना मतच नसते. माझ्या नोकरीच्या काळात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच. ठेवी स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेचा लेखापरीक्षक निबंधकांनी नेमावा आणि एकाच माणसाकडे तेच काम वर्षानुवर्षे राहू देऊ नये, असे आपण आमदारांना स्पष्ट लिहावे.

क-102:
काका, आपला अनुभव मोठा आहे, पण एक बाजू राहू नये म्हणून लिहितो. मी दुकानदार आहे. बँकेने कागदपत्रांवरून मला परत पाठवले होते, तेव्हा पिग्मी खात्याच्या, म्हणजे एजंटाकडे रोज थोडी रक्कम जमा करण्याच्या खात्याच्या, नियमित भरण्यावर मला पहिले कर्ज दिले ते पतसंस्थेने. बँकांचे सगळे नियम लहान पतसंस्थांना जसेच्या तसे लावले, तर त्यांचा खर्च वाढेल, त्यांतल्या काही बंद पडतील, आणि माझ्यासारखा माणूस पुन्हा खासगी सावकाराकडे जाईल. आमदारांच्या बोलण्यात हा विचार मला दिसला नाही.

ब-501:
तुमचे म्हणणे रास्त आहे, आणि म्हणूनच ‘बँकांइतकेच’ हा शब्द आपल्या पत्रात नसावा. नियमांच्या कडकपणाची पातळी संस्थेच्या ठेवींच्या आकारानुसार ठरवता येईल. तरीही काही गोष्टी लहानात लहान संस्थेलाही जड जाणाऱ्या नाहीत. पिग्मी एजंटाने पैसे घेतल्याबरोबर खातेदाराच्या मोबाइलवर संदेश जाणे, शाखेतली रोकड आणि खातेवही रोज जुळवणे, आणि संचालकांशी संबंधित कर्जांची यादी दर तिमाहीला फलकावर लावणे, या त्या गोष्टी. 1960 च्या अधिनियमात पतसंस्थांसाठी स्थैर्य व तरलता सहाय्य निधीची, म्हणजे अडचणीच्या वेळी संस्थेला आधार देणाऱ्या निधीची, तरतूदही केलेली आहे. तो निधी पुरेसा मोठा करून त्यातून लहान ठेवीदाराला ठरावीक रकमेपर्यंत हमी देण्याची मागणी मला नव्या कायद्याच्या मागणीपेक्षा जास्त व्यवहार्य वाटते.

अ-704:
मी महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यावर लिहिते. फीचे पैसे खेळात घालवलेली आणि ते भरून काढण्यासाठी मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज घेतलेली मुले मी पाहिली आहेत. त्यामुळे बंदीला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र जुगारविरोधी कायदा आपल्याकडे पूर्वीपासून असताना हे सगळे इतकी वर्षे उघडपणे चालले कसे, हे वकील दादांनी समजावून सांगावे.

ड-305:
ताई, आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे. तो लिहिला गेला तो अड्डे, पत्ते आणि फासे डोळ्यांसमोर ठेवून. केवळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये म्हटले होते. ऑनलाइन कंपन्या याच आधारावर उभ्या राहिल्या. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, जिंकण्याच्या आशेने पैसे लावून तो ऑनलाइन खेळवता येणार नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. केवळ खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, आणि मला ते योग्य वाटते, कारण शिक्षेची भीती असती तर मुलांनी घरी तोंडच उघडले नसते.

‘पैज आणि जुगार’ हा विषय राज्यघटनेतील राज्य सूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांत आहे, या मुद्द्यासह केंद्राच्या या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. निकाल काहीही लागो, राज्याने स्वतःचा 1887 चा कायदा अद्ययावत करून ठेवावा, असा ठोस आग्रह आमदारांनी विधिमंडळात धरायला हवा. बंदीला पाठिंबा जाहीर करण्यापेक्षा त्यांच्या हातात असलेले हे काम मोठे आहे.

पोलिसांच्या कठोरपणाविषयी इतकेच, की परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळावर आपले पोलीस छापा घालू शकत नाहीत. पैसा मात्र इथल्याच बँक खात्यांतून फिरतो, आणि त्यासाठी गरजू लोकांची खाती भाड्याने घेतली जातात. अशा व्यवहारांना वाट करून देणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्यांवर कारवाईची तरतूद नव्या कायद्यात आहे. तक्रार येताच ते खाते तत्काळ गोठवणारी यंत्रणा जिल्हापातळीवर असेल, तरच त्या तरतुदीचा उपयोग होईल.

ब-501:
वकील दादांच्या मुद्द्याला एक जोड देतो. पतसंस्थेतील वसुली करणारा किंवा रोखपाल स्वतः या खेळाच्या आहारी गेला, तर तूट सर्वांत आधी पिग्मीच्या पैशांत पडते. रोजचा संदेश आणि रोजची जुळवणी मी आग्रहाने मागतो, त्याचे हेही एक कारण आहे. आमदारांचे दोन विषय इथे एकमेकांना भेटतात, आणि पत्रात ते दोन वेगळ्या पानांवर जाऊ नयेत.

अ-704:
पत्रात एक मागणी माझीही घ्यावी. व्यसन लागलेल्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना उपचाराचा आधार लागतो. केंद्राची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे, पण आमच्या विद्यार्थ्यांना तो क्रमांक माहीत नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या आणि पतसंस्थेच्या फलकावर तो लावण्याची सूचना आमदारांनी संबंधित खात्यांना करावी.

सचिव:
सर्वांचे आभार. लेखापरीक्षकाची नेमणूक निबंधकांकडून, ठेवींच्या आकारानुसार नियम, पिग्मीचा संदेश, सहाय्य निधीतून हमी, 1887 च्या कायद्यात दुरुस्ती, भाड्याची खाती गोठवण्याची यंत्रणा आणि टेली-मानसचा फलक, हे मुद्दे घेऊन मसुदा तयार करतो. काका आणि वकील दादा, कलमांचे उल्लेख तपासून द्यावेत, म्हणजे रविवारच्या सभेत तो सह्यांसाठी ठेवता येईल.