घरी एकटी राहणारी कुत्री दिवसभर भुंकते. शेजाऱ्यांना होणारा त्रास कसा थांबवावा?

प्रश्न (ठाणे)
आमच्याकडे दोन वर्षांची देशी कुत्री आहे. आम्ही दोघे कामावर गेलो की ती भुंकत राहते, आणि समोरच्या घरातील ताई परिचारिका असून रात्रपाळीनंतर सकाळी झोपत असल्यामुळे त्यांची झोपमोड होते. त्यांची तक्रार रास्त आहे. संस्थेच्या समितीने मात्र कुत्री घरातून काढण्याची सूचना लेखी दिली आहे. काही जण विजेचा झटका देणारा पट्टा सुचवतात. तो वापरण्यास मन धजत नाही. काय करावे?

उत्तर १
पट्टा मुळीच वापरू नये. वेदना आणि दारापाशी आलेला माणूस यांची सांगड कुत्रीच्या मनात बसली, तर भीती वाढते आणि भुंकणाऱ्या कुत्रीची चावरी कुत्री होऊ शकते.

आधी जुना मोबाइल लावून तुमच्यामागे घरात काय घडते त्याचे चित्रीकरण करावे, कारण उपाय कारणावर ठरतो. लिफ्टचा आवाज किंवा जिन्यातील पावले ऐकून ती थोडा वेळ भुंकून शांत होत असेल, तर ती राखण करते आहे. अशा वेळी तिची जागा मुख्य दारापासून आतल्या खोलीत हलवावी आणि पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा. परंतु तुम्ही निघताच ती येरझाऱ्या घालत असेल, लाळ गाळत असेल, दार ओरबाडत असेल किंवा विव्हळत असेल, तर तो एकटेपणाचा धसका आहे. त्यावर ओरडण्याचा उपयोग नाही. किल्ली हातात घेऊन पुन्हा खाली बसणे, मग दाराबाहेर काही क्षण थांबून परत येणे, असा सराव ती अस्वस्थ होण्याच्या आत थांबवत, हळूहळू वाढवावा लागतो. यास अनेक आठवडे लागतात आणि तोवर तिला शक्यतो एकटे ठेवू नये. धसका तीव्र असल्यास पशुवैद्य या सरावाच्या जोडीला औषधही देतात.

उत्तर २
समितीच्या पत्राबद्दल लिहितो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि भुंकणे हे बंदीचे कारण ठरत नाही. मात्र त्याच सूचना मालकांनाही, विशेषतः रात्री, कुत्र्यांना शांत ठेवण्यास सांगतात. म्हणून समितीला उत्तर देताना केवळ हक्क न मांडता कोणते उपाय सुरू केले आहेत तेही लेखी कळवावे. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र सोबत जोडावे.

उत्तर ३
माझ्या शेजारी कुत्रा आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. कायद्याचे पत्र हाती देण्यापूर्वी त्या ताईंना प्रत्यक्ष भेटा आणि त्यांच्या रात्रपाळीचे वेळापत्रक मागून घ्या. ज्या सकाळी त्या झोपणार, त्या सकाळी कुत्रीला नातेवाइकांकडे किंवा दिवसा सांभाळणाऱ्यांकडे ठेवता आले, तर सराव पूर्ण होईपर्यंतचा काळ दोन्ही घरांना सुसह्य होईल. माझ्या शेजाऱ्यांनी आपण होऊन दूरध्वनी क्रमांक दिला आणि कुत्रा भुंकला की कळवा असे सांगितले, तेव्हापासून मी समितीकडे गेले नाही.

प्रश्नकर्ती
आज चित्रीकरण पाहिले. आम्ही निघताच ती दार ओरबाडते आणि विव्हळते. पशुवैद्यांची वेळ घेतली आहे, आणि संध्याकाळी ताईंना भेटणार आहे.