1978चं जगज्जेतेपद मारिओ आंद्रेटीनं कमावलं की रॉनी पीटरसननं सोडलं?

धागाकर्ता: वळणवाट

फॉर्म्युला वनमध्ये संघाच्या आदेशावरून वाद पेटला की कुणीतरी 1978 काढतंच. लोटस संघाच्या दोन गाड्या, पुढे आंद्रेटी, मागे त्याचा सहकारी पीटरसन, आणि पीटरसनच्या करारातच दुय्यम क्रमांक लिहिलेला. त्यावरून निष्कर्ष काय, तर आंद्रेटीला विजेतेपद ताटात वाढून दिलं. मला हे साफ नामंजूर आहे.

आधी माणूस कोण ते बघा. जन्म 1940चा, इस्त्रियातल्या मोंतोना गावात. महायुद्धानंतर तो भाग युगोस्लाव्हियात गेला आणि कुटुंब इटलीत लुक्काच्या निर्वासित छावणीत येऊन पडलं. तिथे सात वर्षं काढली. 1955 साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला आले. मारिओ आणि त्याचा जुळा भाऊ आल्डो यांनी जुनी हडसन गाडी दुरुस्त करून 1959मध्ये तिथल्या मातीच्या ट्रॅकवर उतरवली, तीही वडिलांपासून लपवून. आल्डो जबर जखमी झाला तेव्हाच घरी कळलं.

मातीवरून सुरुवात केलेला हा गडी 1967ची डेटोना 500 जिंकतो, 1969ची इंडियानापोलिस 500 जिंकतो आणि वर फॉर्म्युला वनचा जगज्जेता होतो. या तिन्ही गोष्टी करणारा दुसरा कुणी नाही. त्याला कुणाच्या मेहेरबानीची गरज होती?

प्रतिसाद: सुपरस्वीड

असहमत. डेटोना, इंडी सगळं मान्य, पण प्रश्न 1978चा आहे. त्या वर्षी झोल्डर, हारामा, पॉल रिकार आणि झँडफोर्ट, चारही ठिकाणी लोटस पहिली-दुसरी आली आणि चारही वेळा आंद्रेटीच पुढे. पीटरसन त्या काळातला सर्वांत वेगवान ड्रायव्हर मानला जायचा. हात बांधून पळवलेल्या माणसाला हरवलं, याला जिंकणं कसं म्हणायचं? ऑस्ट्रियात आंद्रेटी पहिल्याच लॅपला बाहेर गेला आणि तिथे पीटरसननं काय केलं ते बघा: पोलही (सर्वांत वेगवान लॅपवर मिळणारी पहिली जागा) त्याचा, शर्यतही त्याची.

प्रतिसाद: वळणवाट

ऑस्ट्रिया सांगितलंत, मग पूर्ण वर्षाचे पोल सांगा. आंद्रेटी 8, पीटरसन 3. दुय्यम क्रमांकाचा करार शर्यतीत लागू होतो, शनिवारी जागा ठरवणाऱ्या घड्याळासमोर नाही.

प्रतिसाद: पाना_पक्कड

मी गॅरेजच्या बाजूनं बोलतो, कारण या वादात गाडी कुणी घडवली हे कुणीच विचारत नाही. आंद्रेटी 1976मध्ये लोटसकडे आला तेव्हा संघ पार खचलेला होता. संघाचा मालक कॉलिन चॅपमनबरोबर बसून त्यानं गाडी मार्गी लावली आणि वर्षाअखेर जपानमधल्या फुजीच्या पावसात जिंकून दाखवली. 1977मध्ये सर्वांत जास्त शर्यती, चार, त्यानंच जिंकल्या. विजेतेपद गेलं ते मुख्यतः इंजिनं फुटल्यामुळे. तोवर पीटरसन दुसरीकडे होता.

1978च्या गाडीची, म्हणजे लोटस 79ची, गंमत तिच्या पोटाखाली होती. दोन्ही बाजूंच्या पेट्यांचा तळ उलट्या पंखासारखा, कडेला रस्त्याला टेकून वरखाली सरकणारे स्कर्ट. त्यामुळे खाली हवेचा दाब कमी होऊन गाडी रस्त्याला चिकटायची. अशा गाडीत बारीकसा फरकही लगेच जाणवतो. आणि आंद्रेटी अमेरिकन ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, तयार झालेला. तिथे उजवीकडचे टायर डावीकडच्यापेक्षा घेरानं मोठे लावतात, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे ओढते. टायरचा घेर मोजायचा, कोणत्या चाकावर किती भार येतो ते बघायचं, ही शिस्त त्यानं लोटसमध्ये आणली. पीटरसनची ख्याती याच्या उलट होती: मिळेल ती गाडी घ्यायची आणि तिच्या दोषांसकट पळवायची. थरारक खरं, पण त्यानं गाडी सुधारत नाही.

प्रतिसाद: सुपरस्वीड

पाना_पक्कड, माहिती उत्तम, पण मुद्दा सुटला. गाडी घडवली म्हणून शर्यत आपोआप मिळत नाही. पुढे 1979मध्ये लोटस मागे पडली आणि आंद्रेटीनं फॉर्म्युला वनमध्ये परत एकही शर्यत जिंकली नाही. एकूण 12 विजय, त्यातले 6 त्या एका वर्षातले.

आणि इटलीतली मोंझाची शर्यत विसरू नका. तिथे पोचताना आंद्रेटीचे गुण 63, पीटरसनचे 51 होते. सकाळच्या सरावात पीटरसनची लोटस 79 आदळली, म्हणून त्याला जुन्या लोटस 78मध्ये बसावं लागलं. सुरुवातीच्याच धडकेत पाय मोडले, दुसऱ्या दिवशी मिलानच्या रुग्णालयात तो गेला. आंद्रेटीला आधीच सुटल्याबद्दल एक मिनिटाचा दंड होऊन सहावा क्रमांक, एक गुण मिळाला. उरलेल्या दोन शर्यतींत त्याला शून्य! पीटरसन असता तर एक विजय आणि एक दुसरा क्रमांक, एवढ्यावर काम झालं असतं.

प्रतिसाद: वळणवाट

गणित बरोबर आहे, पण त्या दोन शर्यतींचा ताळेबंद असा लावता येणार नाही. मोंझाला गुणांवर शिक्कामोर्तब झालं, दुसऱ्या दिवशी सोबती गेला. त्यानंतरच्या आंद्रेटीला पुरावा म्हणून उभं करू नका. आणि 1978नंतर तो संपला म्हणता? 1982मध्ये फेरारीनं मोंझासाठी बोलावलं. वय 42. पोल घेतला, शर्यतीत तिसरा आला. 1984ला इंडीकारचा विजेता, 1993ला फिनिक्समध्ये जिंकला तेव्हा 53 वर्षांचा होता. गाडीच्या जोरावर जिंकणारा माणूस इतकी वर्षं टिकत नाही.

प्रतिसाद: तिसरा_गिअर

दोघांनाही एक विचारते. पीटरसननं 1979साठी मॅकलॅरेनशी करार केला होता. संघ सोडून चाललेल्या माणसाला शब्द मोडण्यापासून कोण अडवणार होतं? तरी झँडफोर्टला तो आंद्रेटीच्या मागेच राहिला.

प्रतिसाद: सुपरस्वीड

हेच तर म्हणतोय. अडवणारं कुणी नव्हतं, तो स्वतःच्या शब्दाला जागला. तेवढं श्रेय आंद्रेटीच्या खात्यात घालू नका.

प्रतिसाद: वळणवाट

ते घालतच नाही. पीटरसनचा मोठेपणा पूर्ण मान्य. पण दुय्यम क्रमांकाची अट त्यानं डोळे उघडे ठेवून मान्य केली होती, कारण त्याला चांगली गाडी हवी होती. आणि ती गाडी दोन वर्षं खपून आंद्रेटीनं तयार करून ठेवली होती.