मदत हवी आहे: थाई जेवण आणि शेंगदाण्याची ॲलर्जी

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी बाबांना ६० वर्षं पूर्ण होतायत. वाढदिवसाला आम्ही रत्नागिरीत मांडवीजवळच्या नेहमीच्या खानावळीतच जातो. सुरमईची तुकडी, तांदळाची भाकरी, वाटीभर सोलकढी. बाबांना शेंगदाणे चालत नाहीत हे तिथल्या काकूंना ठाऊक आहे. कोशिंबिरीत कूट घालायच्या आधीच त्या बाबांची वाटी बाजूला काढतात. यंदा मात्र बाबाच म्हणाले, भाट्याच्या वाटेवर नवीन थाई हॉटेल उघडलंय, तिथे जाऊया. त्यांची हौस बघून नाही म्हणवत नाही.

पाड थाई नावाच्या परतलेल्या नूडल्सवर कूट असतं, मासामान करीत आणि साटेच्या (काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या) चटणीतही शेंगदाणे असतात, एवढं कळलं. टॉम यम या आंबट-तिखट सुपात गवती चहा नि कोळंबी, हिरव्या करीत नारळाचं दूध, म्हणजे हे दोन त्यांना नक्की आवडतील. पण कढई सगळ्यांना एकच असेल तर? तळायला शेंगदाणा तेल असेल तर?

कुणी तिथे जेवून आलंय का? आधी फोन करून आचाऱ्याला नेमकं काय काय विचारू? मागे एका लग्नात बाबांनी नुसतं चटणीचं बोट चाटलं, तर ओठ सुजले आणि रात्र दवाखान्यात गेली. म्हणून जीव धास्तावलाय. शनिवारपर्यंत कळलं तर बरं होईल.