थर्मोस्टॅट काढून फेकायचा की नवा बसवायचा?

बालाघाटकर, अंबाजोगाई
वडिलांची १९९७ सालची डिझेल जीप आहे. परवा मांजरसुंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. बाजूला घेतली, तासभर बसलो, मग बोनेट उघडलं. वॉटर पंपाच्या पोटाखाली जे बारीक भोक असतं तिथून थेंब थेंब गळत होतं आणि खाली इंजिनावर पांढरा ओघळ वाळलेला. पंखा धरून हलवला तर पुलीसकट लचकतो. म्हणजे सील आणि बेअरिंग दोन्ही गेलं.

मिस्त्री म्हणतो, "पंपात किट (नवं सील-बेअरिंग) टाकून देतो आणि तो थर्मोस्टॅट काढून फेकू. आपल्याकडं काय काश्मीर आहे का?" माझं म्हणणं, एवढं खोलतोच आहे तर पंप अख्खा नवा टाकावा, थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) नवा, सोबत पट्टा आणि होसपाइप. बोला.

तीन सीट पुढं, जालना
मिस्त्री बरोबर म्हणायलाय. मी २० वर्षं काळी-पिवळी चालवली. पहिल्याच उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढला, परत घातला नाही. ती चकती चांगली असते तवा ती आहे हेच कुणाला कळत नाही, आणि बिघडली की बंद होऊन बसते. जीपमध्ये १४ माणसं, टपावर शेळीची पिल्लं, आणि भोकरदनच्या पुढं पाणी उकळलं तर तुमचं शास्त्र घेऊन मी काय करू? एकदा इंजिनाचं हेड (वरचं झाकण) तापून बेंड झालं होतं. प्लेनिंग, पॅकिंग, मजुरी, वर आठ दिवस गाडी उभी. तवापासून कानाला खडा.

पाना तेरा
दादा, अडकलेला थर्मोस्टॅट वाईटच, म्हणून तर नवा टाका म्हणायचं. त्याच्या आत मेण असतं. बहुतेक गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास ते वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. लातूरला ४२ अंश ऊन असलं तरी ८२ च्या हिशेबात ते गारच की. इंजिन गार राहिलं तर डिझेल नीट जळत नाही. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात, सकाळी पांढरा धूर येतो. तुमची जीप सकाळी धूर टाकत होती का नाही, खरं सांगा. शिवाय थर्मोस्टॅट नसला तर पाणी इतकं पळतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला त्याला उसंतच मिळत नाही.

लेथवाला, नांदेड
शेवटचं वाक्य साफ चूक आहे, आणि दर दुसरा माणूस तेच सांगतो. पाणी जोरात फिरलं तर एका फेरीत कमी गार होतं, पण फेऱ्या वाढतात. रेडिएटर एकूण उष्णता जास्तच बाहेर टाकतो.

खरी गोम बायपासमध्ये, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी थेट इंजिनात परत नेणाऱ्या वाटेत आहे. काही थर्मोस्टॅटना खालच्या अंगाला दुसरी चकती असते. वरची रेडिएटरची वाट उघडताना ती खालची बायपासची वाट बंद करते. असला थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. पाणी सोपी वाट सोडून रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून कशाला जाईल? बरंचसं गरम पाणी तसंच परत इंजिनात फिरतं. अशी गाडी घाटात उलट जास्त तापते, मग मिस्त्री म्हणतो रेडिएटर चोक आहे, खोला. एकच चकती असेल तर जालन्याच्या दादांसारखं निभून जातं. म्हणून फेकण्याआधी उलटा करून बघा.

पंपाचं म्हणाल तर मी मिस्त्रीच्या बाजूने. जुनी बॉडी बीडाची असते (धातू म्हणतोय, जिल्हा नव्हे). तिला तडा नसेल, इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती शाबूत असतील, तर किट पुरतं. फक्त बेअरिंग प्रेसवर बसवायचं. हातोडा मारून बसवलेलं बेअरिंग त्याच दिवशी अर्धं मेलेलं असतं. आणि नंतर पट्टा तारेसारखा ताणू नका. तुमचा पंखा पंपाच्याच शाफ्टवर आहे, सगळा ताण त्याच बेअरिंगवर येतो.

बालाघाटकर, अंबाजोगाई
पंप उतरवला. इम्पेलरची पाती उंदराने कुरतडल्यासारखी झालीत, कडा बोटाने मोडतात. आतून सगळा गंज आणि क्षार. किटचा विषय संपला.

ऊसवाला, गंगाखेड
हा बोअरच्या पाण्याचा पराक्रम. पण करणार काय? २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं, अन् तुम्ही म्हणाल रेडिएटरला कुलंट (गंज-क्षार रोखणारं औषध) पाजा. कारखान्यापुढं रात्रभर रांगेत ट्रॅक्टर उभा असतो, तिथं हौदात मिळेल ते ओतायचं.

पाना तेरा
मामा, अडीनडीला ओता की. पण कायमचं तेच ठेवू नका. घरच्या हंड्याला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या आत बसतो, आणि तो उष्णता अडवतो. गावात आरओचा जार मिळतो. अर्धं ते पाणी, अर्धं कुलंट. आणि रेडिएटरचं झाकण बदला. ०.९ बारचं चांगलं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर फाटलेलं असेल तर शंभरच्या आतबाहेरच खेळ खलास. सगळे पंप आणि रेडिएटरमागे लागतात, झाकणाकडे कुणी बघत नाही.

(लेथवाले, पाण्याच्या वेगाचं मान्य. वर्कशॉपमध्ये ऐकलं होतं, तेच धरून बसलो होतो.)

बालाघाटकर, अंबाजोगाई
काल जुना आणि नवा थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून चहाच्या पातेल्यात सोडले. दुधाचा तापमापक लावला. बायकोने पातेलं बघितलं आणि आता ते गॅरेजचंच झालं. नवा ऐंशी ओलांडल्यावर हलला आणि बघता बघता पूर्ण उघडला. जुन्याची चकती पाणी खळखळलं तरी नखाएवढीच सरकली. म्हणजे जालन्याच्या दादांची भीती माझ्याच गाडीत बसलेली होती. आणि उलटा केला तर खाली दुसरी चकतीही आहे, म्हणजे नुसता काढून भागलं नसतं.

पंप नवाच घेतला, बीडाच्या इम्पेलरचा. दोन दुकानं फिरावी लागली. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडायलाच पाऊण तास गेला. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाकडे, हवा जायची बारीक पिन वरच्या बाजूला. मिस्त्री ती खाली ठेवून बसवत होता, हात धरला. नाक वर राहील अशी गाडी चढावर लावून, हीटर उघडा ठेवून सावकाश पाणी भरलं, तरी दोनदा एअर काढावी लागली. आज घाट चढून आलो. काटा मध्यावर गेला आणि तिथंच थांबला.

तीन सीट पुढं, जालना
ठेवा मग तुम्ही. पण पाच लिटरचा पाण्याचा कॅन गाडीतून काढू नका.
आणि पानावाले भाऊ, धूर टाकत होती. रोज सकाळी. आम्ही म्हणायचो थंडीनं होतंय.