मदत हवी आहे : असईच्या लढाईतील लाल डगल्यांना नेमका कोणता लाल द्यावा?

नमस्कार.

मी जालन्याचा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच जिल्ह्यातील असई गावाजवळ, दोन नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीच्या फौजेची दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी जी लढाई झाली, ती टेबलावर मांडून खेळण्याचा बेत नांदेडचे एक स्नेही आणि मी आखला आहे. नाणेफेकीत कंपनी सरकारची बाजू माझ्या वाट्याला आली. जालन्यात बसून इंग्रजांच्या पलटणी रंगवतो म्हणून घरी जी बोलणी खावी लागतात, ती निराळीच.

२८ मिलिमीटर मापाचे, रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतलेले साठ सैनिक माझ्यापुढे आहेत. त्यांत ७४ वी आणि ७८ वी हायलँडर (स्कॉटिश) पलटण असून उरलेले मद्रासी शिपाई आहेत. कॉलर आणि मनगटपट्टीचा रंग ७४ व्या पलटणीला पांढरा आणि ७८ व्या पलटणीला बदामी द्यायचा, एवढे ठरलेले आहे. घोडे अडले आहे ते सर्वांच्या अंगावरील लाल डगल्यापाशी.

पहिल्या चार सैनिकांना मी काळा स्प्रे प्रायमर (रंगाआधीचे अस्तर) मारला आणि ट्यूबमधील साधा ॲक्रिलिक लाल ब्रशने लावला. तीन हात देऊनही खालचा काळा डोकावतच राहिला, आणि चौथा हात दिला तेव्हा छातीवरील गुंड्या आणि पट्ट्यांच्या कडा रंगाखाली बुजून गेल्या. उजळ भाग दाखवावा म्हणून लालमध्ये पांढरा मिसळला, तर डगल्याच्या घड्यांवर गुलाबी रेघा उमटल्या आणि वेलस्लीचे हायलँडर वरातीतल्या बँडवाल्यांसारखे दिसू लागले. पुढच्या खेपेला पांढरा प्रायमर घ्यावा म्हणून एप्रिलमध्ये भर दुपारी गच्चीवर गेलो. ऊन चाळिशीच्या पुढे होते. रंग सैनिकापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच सुकत असावा, कारण सगळ्यांच्या अंगावर रव्यासारखी खर बसली, जी नखाने खरवडूनही पूर्ण निघाली नाही. रंग पातळ करण्यासाठी मी बोअरचे पाणी वापरतो. सुकल्यावर घड्यांच्या खोलगट भागांत पांढुरकी झाक राहते, ती त्या पाण्याच्या क्षारांची आहे की माझ्या हाताची, हेही कळत नाही.

दुसरी अडचण रंगछटेची आहे. त्या काळातील साध्या शिपायाच्या डगल्याचे कापड मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून काढलेल्या रंगात रंगवत, तर अधिकाऱ्यांचे उंची कापड कोचिनील किड्यापासून मिळणाऱ्या भडक लाल रंगात, असे वाचनात आले. म्हणजे एकाच पलटणीत दोन लाल हवेत: एक उन्हापावसाने विटलेला, विटेकडे झुकणारा, आणि दुसरा झळझळीत. एक इंच उंचीच्या सैनिकावर हा फरक दोन हात अंतरावरून दिसेल अशा रीतीने कसा साधावा? परदेशी लहान बाटल्यांतील रंग मागवले तर त्यांतील कोणते घ्यावेत, की बाजारात मिळणाऱ्या ट्यूबांवरच काम निभावेल, याविषयी जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील. पावसाळ्यात वॉर्निश मारावे की थांबावे, हेही सांगावे.

प्रतिसाद

आपली चूक हाताची नाही, रंगद्रव्याची आहे. बहुतेक झळझळीत लाल रंगद्रव्ये मुळातच पारदर्शक असतात, त्यामुळे काळ्यावर ती कितीही हात दिले तरी बसत नाहीत. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो पाहावा. पी.आर. १०१ म्हणजे लोहाचे ऑक्साइड. फाटकांना गंज लागू नये म्हणून मारतात तोच तांबूस रंग. (फाटकाचा डबा मात्र सैनिकांवर उघडू नये, तो जाड असतो आणि सगळे बारकावे गिळून टाकतो.) हा रंग एका-दोन पातळ हातांतच खालचे झाकतो. पी.आर. ११२ हा नॅफ्थॉल लाल, जो झळझळीत असला तरी विरळ असतो.

म्हणून राखाडी प्रायमरवर साठही सैनिकांचे डगले आधी ॲक्रिलिक ऑक्साइड लालने रंगवून घ्यावेत. शिपायांसाठी त्यातच थोडा नॅफ्थॉल लाल मिसळून वरच्या भागांवर एक हात दिला की विटलेले कापड तयार होते. त्यापुढे काही करू नये. अधिकाऱ्यांवर मात्र नुसत्या नॅफ्थॉलचे दोन पातळ हात द्यावेत, खालच्या तांबूस अस्तरामुळे तो लगेच उठून दिसतो. छायेसाठी काळा नको, पाणीदार गडद तपकिरी घड्यांत सोडावा. उजळ कडांसाठी पांढऱ्याऐवजी नारिंगी किंवा कातडीचा रंग मिसळावा, म्हणजे बँडवाले होणार नाहीत. परदेशी रंग घ्यायचेच झाले तर सिटाडेल या लघुसैनिकांच्या रंगांच्या ब्रँडचे खॉर्न रेड आणि मेफिस्टन रेड हे दोन आपल्या कामाला पुरेत. पहिला गडद आणि चांगला झाकणारा आहे, दुसरा अधिकाऱ्यांसाठी.

छातीवरील पांढरे पट्टे डगला पूर्ण झाल्यावरच करावेत. लालवर थेट पांढरा लावला तर तोही गुलाबी भासतो, म्हणून आधी फिकट राखाडी आणि त्यावर किंचित अरुंद असा पांढरा द्यावा. कडेला राखाडीची केसाएवढी रेघ उरली की पट्टा डगल्यापासून सुटा दिसतो.

बोअरचे पाणी बंद करावे. आपल्याकडच्या पाण्यात क्षार फार, आणि ती पांढुरकी झाक त्यांचीच असण्याचा संभव अधिक आहे. आरओचे पाणी घ्यावे. उन्हाळ्यात रंग ताटलीत सुकू नये म्हणून डब्याच्या झाकणात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद अंथरावा आणि रंग त्यावर काढावा. मेणाचा कागद चालत नाही, कारण तो पाणी वर येऊ देत नाही. स्प्रे सकाळी सात वाजण्याच्या आत, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, तुटक झटक्यांनी मारावा. वॉर्निशचा स्प्रे दमट हवेत पांढरा धुरकट पडतो, तेव्हा पावसाळाभर थांबावे किंवा ब्रशने लावायचे मॅट वॉर्निश वापरावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे काल रात्री एक शिपाई आणि एक अधिकारी पुरा केला. ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवल्यावर मुलीने न सांगता साहेब कोणता ते ओळखले. आता एकच शंका उरली आहे: अधिकाऱ्याच्या कमरेचा शेलाही किरमिजी असतो, आणि तो लाल डगल्यात विरून जात आहे. त्याला तिसरा लाल आणावा लागेल का?

प्रतिसाद

नवा रंग नको. नॅफ्थॉल लालमध्ये काडीच्या टोकाएवढा निळा मिसळावा, आणि शेल्याच्या दोन्ही कडांना आधी गडद तपकिरी रेघ ओढून घ्यावी. शेला त्या रेघेमुळे सुटेल, रंगामुळे नव्हे.