शुगर लो व्हायच्या भीतीनं आप्पा घराबाहेरच पडेना झालेत, काय करावं?

अक्कलकोट_रोडकर
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा ६८ वर्षांचे, सगळी उमर चादरीच्या कारखान्यात गेली, शुगर बरीच जुनी आहे, सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन आणि वरून गोळी. यंदा जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलो होतो तर गर्दीत एकदम दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं पण तोतरं, आणि शेजारचा एकजण म्हणतो कसा, "काय म्हातारं, दुपारीच टाकून आलं का". शुगर पडली ते राहिलं बाजूला, ते बोलणंच त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून सिद्धेश्वराला जाईनात, कट्ट्यावर जाईनात, भाच्याच्या लग्नालासुद्धा आले नाहीत. रात्री झोपताना मुद्दाम बिस्किटं खातात, सकाळी शुगर २५० च्या वर. आई रात्रीतून उठून उठून कपाळाला हात लावून बघते घाम आलाय का. डॉक्टर म्हणतात शुगर कमी करा, आप्पा हो म्हणतात आन घरी आले की परत बिस्किटाचा पुडा. आता शुगर सांभाळायची का माणूस सांभाळायचा, कळंना झालंय.

सुई_आणि_पेन
आधी एक, त्यांना भित्रे म्हणू नका. मी लहानपणापासून इन्सुलिनवर आहे, शुगर पडली की काय होतं ते बाहेरून बघणाऱ्याला कळतच नाही, पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं आणि आपण काय बोलतोय हेही कळत नाही. ७० च्या खाली गेली की लो, ५४ च्या खाली म्हणजे कामच गंभीर. एकदा तसं झालं की माणूस शुगर चढीच ठेवतो, हे लई जण करतात, फक्त कुणी डॉक्टरला सांगत नाही.

गड्ड्यावरचा प्रकार डॉक्टरला सांगितलाय का? माझी खात्री आहे नाही. त्यांच्यासमोर फक्त एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, कागद असतो, तो वाढलेला दिसला की ते डोस वाढवणार, आणि डोस वाढला की आप्पा अजून घाबरणार. या वयात, त्यात आधी लो होऊन गेलेल्या माणसाला ७ च्या खाली आणायचा हट्ट बरेच डॉक्टर धरत नाहीत, ८ च्या आसपास पण चालवून घेतात. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून घ्या, किडनी मंद असली की इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ राहतात.

जुनी_मिल_चाळ
इन्सुलिन बंद करा सरळ, कारल्याचा रस आणि मेथी. आमच्या मेव्हण्याची शुगर गेली.

सुई_आणि_पेन
दादा असं कुणाला सांगू नका की ओ. अचानक बंद केलं तर शुगर इतकी चढते की ॲडमिट करायची वेळ येते.

ड्युटी_रात्रपाळी
मी नर्स आहे. कारल्यावर बोलत नाही, वरच्यांनी सांगितलंच.

अक्कलकोट_रोडकर, बिस्किटं लो झाल्यावर द्यायची वस्तू नाही, त्यातल्या मैद्या-तुपामुळे साखर सावकाश चढते. चॉकलेटचं तेच. १५ ग्रॅम म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून द्या, १५ मिनिटांनी परत मशीनवर बघा, ७० च्या खालीच असेल तर परत तेवढंच. वर आली की मग अर्धी भाकरी वगैरे, कारण ग्लिमेपिराईडसारखी शुगरची गोळी असेल तर काही तासांनी परत पडू शकते. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, पाणी पण नाही, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन.

अजून दोन गोष्टी विचारते. बीपीची गोळी कुठली? ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी असेल तर धडधड आणि थरथर लपते, घाम मात्र येतो, त्यामुळे आई कपाळ बघतात ते बरोबरच आहे हो. पण त्यांची झोप वाया घालवू नका, झोपायच्या आधी एकदा बोट टोचून शुगर बघा, आणि शुगर रात्रीच पडतेय असा संशय असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दंडावर १४ दिवस लावायचा सेन्सर मिळतो, महाग आहे पण पहाटे शुगर किती असते ते कळतं. दुसरं, सोमवार धरतात का? उपास करून संध्याकाळचा डोस नेहमीएवढाच घेणारे आमच्याकडे दर श्रावणात येतात.

अक्कलकोट_रोडकर
सोमवार धरतात ओ! आणि गड्ड्याच्या दिवशी फक्त चहावर होते, तो पण बिनसाखरेचा. हे डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरला काहीच सांगितलेलं नाही, आप्पांनीच शपथ घातली होती. गोळीच्या पाकिटावर तीन नावं आहेत, ग्लिमेपिराईड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. बाहेर पडताना खिशात खडीसाखर ठेवली तर चालेल का?

ड्युटी_रात्रपाळी
व्होग्लिबोज आहे तर खडीसाखर नको. ती गोळी आतड्यात साखर फुटायलाच उशीर लावते, म्हणजे खडीसाखर खाल्ली तरी शुगर लवकर वर येत नाही. साधं ग्लुकोजच पाहिजे, फ्लेवरवाल्या डब्यात कधीकधी साखर मिसळलेली असते, मागं वाचून घ्या. आणि शपथ राहू दे, डॉक्टरला सांगा, आप्पांसमोरच सांगा.

अक्कलकोट_रोडकर
शनिवारची वेळ घेतली. आई म्हणतेय मीच बोलणार, तुम्ही दोघं बाहेर बसा.